आधी बोट, मग पाणी

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. माझ्या लाकडी पाटीचा रंग उडाला आहे, सतरा आणि एकोणतीस हे आकडे पुसट झाले आहेत आणि पोटातला पारा एका जागी तुटला आहे. त्यामुळे हल्ली मी दोन अंश जास्त बोलतो. तशी चिठ्ठीच माझ्या पायाशी डकवली आहे. म्हातारपणी माणसाला कमी ऐकू येते, मला जास्त बोलता येते, एवढाच काय तो फरक.

पारा ज्या दुपारी तुटला, त्या दुपारची ही गोष्ट. पण गोष्ट उगमापासून सांगावी, म्हणजे ऐकणाऱ्याचे मन वाटेत अडखळत नाही.

एका कारागिराने विस्तवावर काचेची बारीक नळी मऊ केली आणि घोड्याच्या नालासारखी वाकवली. तिच्यात पारा भरला आणि पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर सुईच्या तुकड्याएवढ्या दोन लोखंडी खुणा ठेवल्या. एक खूण दिवसाचा सर्वांत जास्त ताप लक्षात ठेवते, दुसरी रात्रीचा सर्वांत जास्त गारवा. सकाळी काचेवरून लोहचुंबक फिरवला की दोन्ही खुणा जागेवर येतात आणि मी कालचा दिवस विसरून जातो. देवाने माणसाच्या हाती असा एक चुंबक दिला असता, तर किती भांडणे रोज सकाळी साडेआठला मिटली असती!

माझी नोकरी हवामानाची नोंद घेणाऱ्या एका लहानशा केंद्रात होती. मोकळ्या मैदानात चार पायांवर उभी असलेली पांढरी पेटी, तिला चारी बाजूंनी तिरप्या झडपा. वारा आत येई, ऊन बाहेरच थांबे. तिथले निरीक्षक बरोबर साडेआठला पेटीचे दार उघडत, देवापुढे उभे राहावे तसे माझ्यापुढे उभे राहत आणि आकडा वहीत उतरवत. त्यांनी माझे नाव ठेवले होते खरेबुवा. कोणी नवखा आला की ते सांगत, "याला सावलीत ठेवा, वारा लागू द्या, हा कधी खोटं बोलायचा नाही. उन्हात टांगाल तर हा उन्हाचं सांगेल, हवेचं नाही."

बावीस वर्षे मी खरे बोललो. मग एक दिवस खांबावर एक यंत्र बसले. ते न पाहताच बघते आणि न बोलताच कळवते. निरीक्षक आणि मी एकाच दिवशी निवृत्त झालो. त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून घरी नेले आणि गच्चीच्या जिन्याजवळच्या कपाटात, खालच्या खणात ठेवले. तिथे तुटकी बटणे, रिकामी रिळे आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या माझ्या सोबतीला होत्या. पुढे निरीक्षक देवाघरी गेले. खण अकरा वर्षे उघडला नाही.

खणात अंधार होता, पण कान उघडे होते. निरीक्षकांची बायको गच्चीवर टोमॅटो लावायची. तिच्या टोमॅटोला नाव नव्हते. चपटा, खांद्याशी हिरवट, इतक्या पातळ सालीचा की बाजारात न्यावा तर वाटेतच फुटेल. बी तिच्या आईने दिलेले. दरवर्षी वेलावरचे सर्वांत चांगले फळ ती बियाण्यासाठी राखायची. लोखंडी पिंपे मधोमध कापून त्यांत तिने माती भरली होती. पाणी घालताना ती देवाचे नाव गुणगुणायची, आणि तिच्या दोन सुना वर आल्या की हटकून सांगायची, "आधी बोट, मग पाणी. वरची माती बघू नका गं, ती लबाड असते. बोट दोन पेरं आत घाला. ओलं लागलं तर देवाला नमस्कार करा नि खाली जा."

सुना म्हणायच्या, "हो आई." आणि मनात म्हणायच्या, कितीदा सांगाल!

मग एका वर्षी तो आवाज यायचा थांबला.

थोरली सून घरी शिलाई करायची. धाकटी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सासूबाई गेल्यावर दोघींनी मिळून टोमॅटो वाढवले आणि एक मोठे फळ बियाण्यासाठी राखले. थोरलीने त्याच्या देठाला लाल दोरा बांधला. एके दिवशी अचानक पाहुणे आले. धाकटी घाईने गच्चीवर गेली, हाताला लागले ते फळ तोडले, चिरले आणि मीठ भुरभुरून ताटात वाढले.

"दोरा दिसला नाही तुला?" थोरली पाहुणे जाईपर्यंतही थांबली नाही. "सासूबाईंची शेवटची खूण होती ती! चिरून वाढलीस लोकांना?"

"दोरा होता कुठे? पांढरी दोरी होती ती. दिसला असता तर चिरलं असतं का मी?"

"ज्याला बघायचंच नसतं त्याला डोंगरही दिसत नाही."

त्या वाक्यानंतर दोघींचे बोलणे बंद झाले. दहा महिने बंद. एक स्वयंपाकघर, एक जिना, एक गच्ची आणि मधे अबोला. त्यांचे नवरे, दोघे भाऊ, या बाबतीत तोंडात गुळणी धरून बसले.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी थोरलीने सासूबाईंचे कपाट धुंडाळले, तेव्हा सासूबाईंच्या हातची एक जुनी पुडी सापडली. नऊ बिया. नऊच्या नऊ पेरल्या, त्यांतून चार रोपे उगवली. पुडी रिकामी झाली. आता ही चार झाडे म्हणजेच ते सगळे घराणे. यांना एक तरी फळ धरून पिकले तर वंश पुढे चालणार, नाहीतर संपला. हे दोघींना ठाऊक होते. म्हणूनच तर पुढचा घोटाळा झाला.

चार पिंपांत चार झाडे लावली आणि घरातल्या थोरल्या भावाने, ज्याला सगळे दादा म्हणत, निवाडा केला. "एक दिवस हिने पाणी घालायचं, एक दिवस तिने. जिचा दिवस तिचा तांब्या. आता मला जेवू द्या."

उन्हाळा तापू लागला. धाकटीने सुई शोधायला खण उघडला आणि तिला मी सापडलो. तिने मला पुसले, डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाली, "अगंबाई, मामंजींचे खरेबुवा!" अकरा वर्षांनी माझे नाव ऐकून पारा नसता तरी मी वर चढलो असतो. पण आनंद घटकाभराचा. तिने मला गच्चीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, कपड्यांच्या दोरीच्या एका जुन्या खिळ्याला अडकवले. भिंत विटांची, दुपारभर उन्हात तापणारी. ज्याने जन्मभर सावलीत राहून खरे सांगितले, त्याला भर उन्हात साक्षीला उभे केले. बरे, मला तोंड असते तर ओरडलो असतो, "सुनबाई, इथे नको!" मला तोंड नाही, फक्त आकडा आहे.

माझ्या अगदी खाली चौथे पिंप होते.

आता पाहा गंमत. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण टोमॅटोबद्दल बोलल्याशिवाय राहवतही नव्हते. मग त्या माझ्याशी बोलू लागल्या. कपडे वाळत घालता घालता थोरली म्हणे, "खरेबुवा, काही लोकांना सांगा, झाड म्हणजे रक्ताची बाटली नव्हे, चिठ्ठी चिकटवली नि ठेवून दिली."

धाकटी दोरीच्या दुसऱ्या टोकाला असे. "खरेबुवा, काही लोकांना सांगा, शिलाई मशीनला तेल देतात तसं थेंब थेंब देऊन झाड जगत नाही."

"खरेबुवा, म्हणावं, पानं बघ आधी."

"खरेबुवा, म्हणावं, बघितली."

दादा एकदा वाळलेला बनियन काढायला वर आला, दोघींच्या मधे उभा राहिला आणि माझ्याकडे बघून हात जोडले. "बुवा, धन्य तुमची! मी या घरात एका निरोपात थकतो."

हसू आले ना? मलाही येत होते, पण तो हसण्याचा शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवसापासून उष्णतेची लाट आली.

रस्त्यावरचे डांबर मऊ झाले. दुकानांची दारे अकरालाच अर्धी उतरू लागली. कुत्री उभ्या गाड्यांच्या पोटाखाली जाऊन पडली. रेडिओवर सांगत होते की हवा चव्वेचाळीस. मी सांगत होतो एकोणपन्नास. मी भिंतीचा ताप सांगत होतो, हवेचा नव्हे, पण हे ज्याला ठाऊक होते तो माणूस देवाघरी होता. धाकटी सकाळी सातला कामावर जाताना माझ्यावरची आदल्या दुपारची खूण बघायची, काचेवर टिचकी मारायची आणि तिचा चेहरा उतरायचा. थोरली दुपारी बघायची, टिचकी मारायची आणि तांब्याकडे धाव घ्यायची.

ही टिचकी ध्यानात ठेवा. दर टिचकीला मी हलत होतो आणि माझ्यामागचा खिळा हलत होता. तापून तापून गिलावा भुसभुशीत झाला होता. रोज त्यातून पिठासारखी चिमूटभर भुकटी चौथ्या पिंपात पडे. माझ्या पोटात पारा आहे, मित्रांनो. पारा दिसायला चांदीचा, पण विष आहे. मी पडलो आणि फुटलो, तर त्या मातीतले काहीही खाण्याजोगे राहिले नसते.

आणि नेमके त्याच पिंपातल्या झाडाला एक फळ धरले होते.

बाकीच्या तीन झाडांची फुले पिवळी पडून गळत होती. रात्रीसुद्धा भिंत तापलेली राही, त्यामुळे फुले धरत नव्हती. चौथ्याला मात्र एका पानाआड बोराएवढे एक हिरवे फळ होते. दोघींनी ते वेगवेगळ्या वेळी पाहिले, आणि दोघींनी कोणालाही सांगितले नाही.

आता तो घोटाळा ऐका. आज थोरलीचा दिवस असला की धाकटीच्या मनात येई, आकडा एकोणपन्नास, आणि या घालणार एक तांब्या! मग ती सकाळी लवकर, कोणी उठायच्या आत, चारी पिंपांत बादली ओतून जाई. थोरली तिच्या वेळी येऊन पुन्हा ओते. उद्या धाकटीचा दिवस असला की थोरलीला वाटे, ही दिवसभर बाहेर, झाडे तहानेने मेली तरी हिला कळायचे नाही. मग ती अकराला आणि चारला चोरून पाणी घाली. धाकटी सकाळी आणि संध्याकाळी आपला वाटा ओते. एका झाडाला दिवसातून चारदा पाणी! ऊन इतके कडक की वरची माती तासाभरात पांढरी पडे, तिला भेगा जात. लबाड माती! आत मात्र चिखल झाला होता. पिंपांच्या बुडाची भोके गाळाने बुजली होती. मुळे पाण्यात बसून कुजत होती.

पहिले झाड सकाळीच मान टाकून उभे राहिले.

सासूबाई सांगायच्या, दुपारी मान टाकली तर उन्हाचा रुसवा, सकाळी मान टाकली तर मुळाचे दुखणे. थोरलीने ती मान पाहिली, पण तिला ते आठवले नाही. ती मला म्हणाली, "खरेबुवा, काल काही लोकांनी पाणीच घातलं नाही वाटतं." आणि तिने दोन तांबे जास्त ओतले. धाकटीने संध्याकाळी पाहिले आणि ती म्हणाली, "खरेबुवा, दुपारभर काही लोक झोपा काढतात वाटतं." आणि तिने अर्धी बादली जास्त ओतली.

मी दोघींच्या मधे. दोघींना पाहणारा मी एकटा. आणि मला बोलायला येतो फक्त आकडा, आणि तोही चुकीचा! माझा आकडा बघूनच त्या घाबरत होत्या, घाबरून पाणी ओतत होत्या. मी मनात म्हणे, देवा, बावीस वर्षे खरे बोलवून घेतलेस, आता या वयात माझ्या तोंडून हे कशाला वदवतोस?

बुधवारी पहिले झाड गेले. शुक्रवारी दुसरे आणि तिसरे. खोडे खालून काळी पडली होती. थोरलीने ती उपटली नाहीत, नुसती बघत राहिली. आता एकच झाड, एकच फळ. फळ लिंबाएवढे झाले होते, पण चौथ्या झाडाची खालची पानेही पिवळी पडू लागली होती.

रविवार उजाडला. त्या दिवशी थोरलीचा वार होता. जेवणे झाली, दोघे भाऊ पंख्याखाली आडवे झाले. धाकटी वाळलेले कपडे आणायच्या निमित्ताने वर आली. कपड्यांच्या बादलीत टॉवेलाखाली पाण्याची मोठी बाटली होती. तिने आधी इकडेतिकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी पन्नासला टेकलो होतो.

"खरेबुवा," ती पुटपुटली, "एवढं एक तरी वाचवा हो."

आणि तिने टिचकी मारली.

खिळा निसटला. मी भिंतीला घासत खाली गेलो. मला आकाश दिसले, मग पान दिसले, मग ते हिरवे फळ अगदी बोटभर अंतरावरून गेले. मला वाटले, संपले. तडकणार, सांडणार, आणि एका घराण्याच्या शेवटच्या फळाला विष पाजून मरणार.

थप्प!

मी फुटलो नाही. वरची पातळ पापडी मोडून मी चिखलात अर्धा रुतलो. माती हवी तशी कोरडी असती तर माझे तुकडे झाले असते. ज्या चुकीने तीन झाडे मारली, त्याच चुकीने मला झेलले. त्याची करणी अगाध, दुसरे काय म्हणू?

धाकटी किंचाळली, "पारा! अरे देवा, पारा!" प्रयोगशाळेत काम करणारी ती, तिला विष कळत होते. तिने बाटली टाकली आणि दोन्ही हात पिंपात घातले. मला अलगद उपसून उन्हाला धरले, काच वरून खालून पाहिली. काच अखंड होती. फक्त आतला पारा एका जागी तुटून मधे फट पडली होती. तिने श्वास सोडला. आणि मग ती आपल्या हातांकडे बघू लागली.

कोपरापर्यंत काळा चिखल. आंबूस वास येत होता.

"एवढं ओलं?" ती स्वतःशीच म्हणाली. "पन्नास अंशात एवढं ओलं कसं?"

तेवढ्यात जिन्याचे दार करकरले. थोरली आली. खांद्यावर शिवायचा पडदा होता आणि पडद्याआड काहीतरी गोल लपवलेले. किंकाळी ऐकून ती धावत आली होती, त्यामुळे लपवलेले नीट लपले नव्हते. तांब्याचा काठ चकाकला.

थोरलीने धाकटीचे चिखलाचे हात पाहिले. आडवी पडलेली, भळाभळा सांडणारी बाटली पाहिली. धाकटीने तो तांब्या पाहिला. कोणी माझ्याकडे बघितले नाही, आणि बघितले असते तरी या वेळी निरोप पोचवायला माझ्यात त्राण नव्हते.

"तुम्ही..." धाकटी म्हणाली. दहा महिन्यांनी. "तुम्ही आज एकदा घालून गेलात ना? सकाळी?"

"गेले."

"मग हा तांब्या?"

"आणि तुझी ही बाटली?" थोरलीचा आवाज चिरकला. "आज तुझा वार नाही."

"काल तुमचा नव्हता. काल घातलंत?"

थोरलीने तांब्या खाली ठेवला.

"जाऊबाई, काल किती वेळा?"

"दोनदा." मग अगदी हळू, "तीनदा. तू?"

"सकाळी बादली. संध्याकाळी अर्धी."

थोरली पिंपाशी बसली. तिने पदर खोचला आणि बोट मातीत घातले. दोन पेरे. बोट सरळ चिखलात गेले. तिच्या डोळ्यांतून पाणी त्याच मातीत पडले, तेव्हा धाकटी म्हणाली, "तेवढं पण नको आता, जाऊबाई. आधीच जास्त झालंय."

थोरली रडता रडता हसली. पण हसायला वेळ नव्हता.

"भोकं बुजली असणार खालची," थोरली उठली. "दाभण आणते."

पिंप जड, ओल्या मातीने दुप्पट जड. दोघींनी ते एका बाजूने कलते केले. थोरलीने दाभण खुपसले, धाकटीने केसांचा आकडा. एक भोक मोकळे झाले आणि काळे पाणी पिचकारीसारखे तिच्या अंगावर आले. मग दुसरे, मग तिसरे. मग पिंप एका पोत्यावर चढवले आणि दोघींनी पोत्याची दोन टोके धरून ते तापल्या भिंतीपासून दूर, पाण्याच्या टाकीच्या सावलीकडे ओढले.

"हळू! फळ हलतंय."

"बघतेय मी. तुम्ही पाय बघा तुमचा."

"माझ्या पायाचं मी बघते, तू झाड बघ."

मला त्यांनी दोरीवरून काढलेल्या कोरड्या टॉवेलावर ठेवले होते. मी ऐकत होतो. भांडतच होत्या त्या, पण एकमेकींशी.

खरी परीक्षा पुढेच होती. पाणी घालणे सोपे असते, मित्रांनो. भर उन्हाळ्यात झाड डोळ्यांसमोर मान टाकून उभे असताना पाणी न घालणे, यासाठी काळीज लागते. दोघींनी ठरवले की मुळांना श्वास घेऊ द्यायचा, माती आतून सुकेपर्यंत थेंब घालायचा नाही. थोरलीने जुन्या पडद्यांचे अस्तर उसवून, जोडून एक छत शिवले आणि टाकी ते कठडा असे बांधले. सकाळी आणि संध्याकाळी दोघी येत, शेजारी शेजारी बसत आणि दोन बोटे एकदम मातीत घालत.

"अजून ओली."

"ओलीच."

दुसऱ्या दिवशी झाडाने आणखी चार पाने टाकली. शेंड्याने पार खाली बघितले. थोरली उठून उभी राहिली. "माझ्याच्याने नाही बघवत. अर्धा तांब्या घालते."

"हात लावून बघा! तुमच्याशी बोलणार नाही मी."

दोघींना ते शब्द एकदमच ऐकू आले. मग इतक्या हसल्या की खालून दादाने विचारले, "काय झालं? पडलं का कोणी?"

हसणे ओसरल्यावर थोरली पुन्हा पिंपाशी बसली. मग म्हणाली, "धाकटे, तो दोरा लालच होता, पण कच्च्या रंगाचा. रिळावरच कळलं होतं मला, उन्हात उडेल म्हणून. शिवणाऱ्या बाईला कळत नाही का? पक्का दोरा आणायला खाली जायचा कंटाळा केला. तुझ्यावर ओरडले तेव्हाही ठाऊक होतं."

धाकटी जवळ सरकली. तिने थोरलीच्या बोटावरचा चिखल आपल्या ओढणीने पुसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन बोटे आत गेली आणि दोन्ही कोरडी बाहेर आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. एकच तांब्या, दोघींचे हात त्याला. चौथ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आधी, शेंडा उभा होता.

लाट त्यानंतरही बारा दिवस होती. पण सावली होती, वारा होता आणि पाण्याआधी बोट होते. फळ चपटे होत गेले, खांद्याशी हिरवट राहून खालून तांबूस झाले. थोरलीने या वेळी दोरा बांधला नाही. देठाला लाल कापडाची पट्टी केली आणि तिला बटण शिवले. "आंधळ्याच्याही हाताला लागेल," ती म्हणाली.

फळ पूर्ण पिकले तेव्हा ते स्वयंपाकघरात आणले. पाटावर ठेवले. मीही तिथे फडताळावर होतो. थोरलीने सुरी घेतली आणि मुठीची बाजू पुढे करून धाकटीच्या हातात दिली.

"तू चीर."

"मी नको, जाऊबाई. माझा हात..."

"त्याच हातानं चिरायचं. चल."

धाकटीने सुरी टेकवली आणि काप सरळ गेला. बियांचा गर वाटीत काढला, तीन दिवस पाण्यात आंबवला, धुतला आणि कागदावर वाळवला. मोजल्या तेव्हा एकशे बारा बिया भरल्या. दोन पुड्या झाल्या, एक थोरलीच्या कपाटात, एक धाकटीच्या. फोडींवर मीठ भुरभुरून चौघांनी त्या खाल्ल्या. दादा म्हणाला, "हं. आईच्या हातचा." आणि त्याने आणखी एक फोड उचलली.

राहिलो मी. धाकटीने मला हातात धरून कितीदा तरी झटकले, पण पाऱ्यातली फट पुरती मिटली नाही. मला वाटले, आता पुन्हा तो खण. आणि खरेच दादाने तो खण कपाटातून ओढून काढला. पण त्यातली बटणे आणि किल्ल्या डब्यात ओतल्या, खणाच्या बाजू करवतीने कापून तिरप्या झडपा केल्या, पांढरा रंग दिला आणि उभा करून टाकीच्या सावलीत, चार पायांवर बसवला. ज्या खणात मी अकरा वर्षे अंधारात होतो, तोच आता माझी पांढरी पेटी झाला आहे. झडपांतून वारा येतो. ऊन बाहेरच थांबते. मी दोन अंश जास्त बोलतो खरा, पण ते चिठ्ठीवर लिहिलेले आहे. चूक लिहून ठेवली की तिच्याशीही प्रामाणिकपणे वागता येते.

तर मित्रांनो, माझे सांगणे एवढेच. जुन्या वस्तूला टाकू नका, पण तिला भलत्या जागी टांगून तिची साक्षही काढू नका. आकडा बघा, जरूर बघा, पण आकडा बघून घाबरण्याआधी मातीत बोट घाला. आणि ज्या माणसाची काळजी वाटते, त्याला सरळ विचारा. मनात धरलेली माती वरून कोरडी दिसते. आत काय आहे ते बोट घातल्याशिवाय कळत नाही.

आता सकाळचे साडेआठ झाले आहेत. दोघी वर आल्या आहेत. यंदा पिंपे सहा आहेत. थोरली बोट घालते आहे, धाकटी माझ्यावरून चुंबक फिरवते आहे आणि दोन्ही खुणा जागेवर येत आहेत.

"काल किती गं?" थोरली विचारते.

"एकोणचाळीस. म्हणजे सदतीस."

हल्ली माझ्यामार्फत कोणी निरोप पाठवत नाही. माझ्याकडे पाठ करून त्या दोघी तासन्‌तास बोलत बसतात. असे दुर्लक्ष देव प्रत्येक जुन्या वस्तूच्या नशिबी लिहो.